पाचवा माणूस

कोलाडच्या आंबेवाडी नाक्यावरून मुंबईच्या दिशेनं निघालं की नागोठणे, वडखळ, पेण ही गावं एकामागोमाग मागे पडतात. खारपाड्याचा पूल ओलांडल्यावर उजव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका वर येतो, मग शिरढोण लागतं आणि पुढे पळस्पे फाटा. मुंबई-गोवा महामार्ग या फाट्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे गणपती-शिमग्याला गावी जाणाऱ्या प्रत्येक कोकणी माणसाला पळस्पे हे नाव तोंडपाठ असतं. वाहतूक कोंडीच्या बातम्यांत तर ते हमखास येतं.

मे १८७९ मध्ये हेच पळस्पे एका वेगळ्याच बातमीत होतं. घाटावरून उतरलेली हत्यारबंद टोळी पळस्पे आणि चिखली या गावांवर चालून आली. लूट दीड लाखाच्या घरात गेली. टोळीचा म्होरक्या होता दौलतराव नाईक, जातीनं रामोशी. लूट घेऊन घाट चढत असताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं या लोकांना गाठलं आणि दौलतराव चकमकीत मारला गेला. तो ज्याच्या शब्दावर चालत होता तो माणूस पळस्प्याच्या शेजारच्याच शिरढोणचा, पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केलेला. नाव वासुदेव बळवंत फडके.

इंग्रज सरकारच्या दफ्तरात या प्रकाराला शब्द ठरलेला होता: डकॉइटी. आणि ती करणारा तो डकॉइट.

हा शब्द इंग्रजीच्या कोशात असला तरी विलायतेहून आलेला नाही. डाका, डाकू, डकैत या हिंदुस्थानी शब्दांतून तो उचलला गेला. कंपनीचा कारभार बंगालमध्ये रुजला तेव्हा तिथल्या साहेबांच्या कानावर तो रोज पडत होता. ‘डकॉइटी’ हे रूप पाहून एखाद्याला ते लॅटिन घाटाचं वाटेल, पण त्यातला शेवटचा ‘टी’ लॅटिनकडून आलेला नाही. ती आपली ‘डकैती’च आहे, फक्त टोपी घातलेली. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश छापला, त्यातही हा शब्द आहे. बंगालात प्रचलित असल्यामुळे तो दंडसंहितेत शिरला, असं तिथं नोंदलं आहे.

दंडसंहितेत शिरला आणि त्याचं नशीब पालटलं. बोलीतला ऐसपैस शब्द होता, त्याला कायद्यानं मोजमाप लावलं.

चौघांपर्यंत एक, पाचव्यापासून दुसरा

भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिचं कलम ३९१ म्हणजे डकॉइटीची व्याख्या. तीत शस्त्राची अट नाही, घोड्याची नाही, रात्रीची नाही, रानाची तर मुळीच नाही. अट आहे ती संख्येची. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी, अथवा तसा प्रयत्न, म्हणजे दरोडा. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. कलमाचा क्रमांक बदलून ३१० झाला, पण पाचाचा आकडा जागचा हलला नाही.

कोलाडचंच उदाहरण घेऊन पाहू. समजा, नाक्यावरच्या एका दुकानाचं शटर रात्री कुणी उचकटलं आणि गल्ला नेला. आत कुणी नव्हतं, कुणाला धाक दाखवला नाही. ही घरफोडी आणि चोरी. आता समजा, महामार्गाच्या कडेला ट्रक उभा आहे, चालक झोपला आहे आणि दोघांनी त्याच्या गळ्याला सुरा लावून पैसे काढून घेतले. ही झाली जबरी चोरी, म्हणजे कायद्याच्या भाषेतली रॉबरी. तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पण सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर घडली असेल तर चौदा वर्षांपर्यंत. दोघांच्या जागी चौघं असते तरी गुन्हा तोच राहिला असता.

पाचवा माणूस आला की सगळं बदलतं. त्यानं सुरा हातात घ्यायला हवा असं नाही. शेजारी गाडीचं इंजिन चालू ठेवून तो नुसता बसला होता, कुणी येतंय का यावर नजर ठेवत होता, तरी पुरे. प्रत्यक्ष हजर राहून मदत करणाराही मोजदादीत धरला जातो. मग पाचही जणांवर दरोड्याचं कलम लागतं आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. न्यायालयसुद्धा बदलतं. जबरी चोरीचा खटला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी चालवू शकतात, दरोड्याचा खटला सत्र न्यायालयातच चालतो. त्या पाचांपैकी एकानं दरोडा घालताना खून केला तर पाचही जण फाशीपर्यंतच्या शिक्षेला पात्र ठरतात; वार कुणाच्या हातानं झाला हा प्रश्न मग गौण होतो.

या गुन्ह्याची आणखी एक खासियत आहे. एरवी कायदा नुसत्या तयारीला सहसा हात लावत नाही. चोरी करायची म्हणून कुणी बॅटरी आणि पहार विकत आणली तर तेवढ्यावर चोरीचा गुन्हा होत नाही. दरोड्याच्या बाबतीत मात्र पायरी-पायरीला शिक्षा आहे. दरोड्याच्या हेतूनं पाच जण नुसते एकत्र जमले तरी सात वर्षांपर्यंत, तयारी केली तर दहा वर्षांपर्यंत. प्रयत्न आणि प्रत्यक्ष कृती यांना तर कायद्यानं एकाच मापानं तोललं आहे. वर्तमानपत्रात आठवड्याआड दिसणारं ‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद’ हे ठोकळेबाज शीर्षक याच कलमातून आलं आहे. कोयता, मिरचीची पूड, दोरी आणि नायलॉनची पिशवी हा त्या बातमीतला मुद्देमालही जवळजवळ ठरलेला.

संख्येवर उभा असलेला गुन्हा संख्येवरच कोसळतो. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रामलखन खटल्यात हेच दाखवून दिलं. दरोड्याचे बाकीचे आरोपी निर्दोष सुटत गेले आणि शेवटी एकटाच माणूस दोषी म्हणून उरला. एकट्यानं दरोडा घालता येत नाही, म्हणून त्याची दरोड्याची शिक्षा टिकली नाही. पाचांपैकी काही जण ओळख न पटल्यानं सापडलेच नाहीत, पण ते तिथं होते हे पुराव्यानं सिद्ध झालं, तर गोष्ट वेगळी. मग हजर असलेल्या दोघा-तिघांनाही दरोड्याखाली शिक्षा होऊ शकते. डोकी न्यायालयात हजर असायला हवीत असं नाही, ती घटनेच्या जागी होती हे सिद्ध व्हायला हवं.

दरोडा, धाड आणि बंड

मराठीनं डकॉइट उचलला नाही, कारण तिच्या घरात स्वतःचे शब्द भरपूर होते. दरोडा हा त्यातला मुख्य. जुन्या लिखाणात तो ‘दरवडा’ असाही भेटतो. दरोडा ‘पडतो’ आणि ‘घातला’ जातो. पाऊस पडावा तसा दरोडा पडतो म्हणणाऱ्या गावकऱ्याच्या दृष्टीनं तो आभाळातून आलेला घाला असतो. घालणारा कोण हे पुढे कळतं.

धाड या शब्दाची गंमत तर औरच. एकेकाळी धाड म्हणजे लुटारूंची टोळी किंवा तिचा हल्ला. ‘तुला काय धाड भरलीय?’ असं आई अजूनही पोराला विचारते, त्यात ती जुनी दहशत शिल्लक आहे. आज मात्र धाड घालतात ते पोलीस, अन्न व औषध प्रशासन आणि आयकर खातं. शब्द लुटारूंच्या हातातून निसटून सरकारच्या हातात गेला.

आणि तिसरा शब्द बंड. सरकारी कागद ज्याला गँग रॉबरी आणि डकॉइटी म्हणत होते, त्याला लोक ‘रामोशांचं बंड’, ‘वासुदेव बळवंताचं बंड’ म्हणत राहिले. घटना एकच असे, लूटही तीच आणि मारले गेलेले लोकही तेच. फरक असे तो बघणाऱ्याच्या जागेचा.

माणसावर बसलेला शिक्का

कलम ३९१ वाचताना असं वाटतं की हा शब्द किती काटेकोर आहे. कृत्य मोजा, माणसं मोजा, शिक्षा द्या. पण या व्याख्येच्या आधीचा आणि शेजारचा इतिहास पाहिला की दुसरंच चित्र दिसतं.

१७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं बंगालसाठी न्यायव्यवस्थेचा आराखडा केला. त्यात डकॉइटांसाठी खास तरतूद होती. दोषी ठरलेल्याला त्याच्याच गावात नेऊन फाशी द्यायचं, गावाला दंड करायचा आणि त्याच्या कुटुंबाला सरकारचे गुलाम करायचं. बायकोनं काय केलं, पोरानं काय केलं, हा प्रश्नच नाही. गुन्हा घराण्यात असतो ही समजूत तेव्हाच कायद्यात बसली होती.

पुढे विल्यम स्लीमननं ठगांचा बंदोबस्त केला आणि ‘ठग’ हा आणखी एक आपला शब्द इंग्रजीत गेला. ठगांसाठी १८३६ मध्ये जो कायदा झाला त्यात एखादा विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही. अमुक माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढं ठरलं की जन्मठेप. साक्ष बहुतेक वेळा माफीच्या साक्षीदाराची. १८४३ मध्ये हीच पद्धत डकॉइटांना लागू झाली. स्लीमनच्या खात्याचं नावच ठगी आणि डकॉइटी खातं असं होतं. १९०४ मध्ये ते गुंडाळून त्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभाग आला. आजच्या इंटेलिजन्स ब्युरोची वंशावळ त्या खात्यापर्यंत मागे नेता येते.

मग आला १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट, मराठीत ज्याला गुन्हेगार जमाती कायदा म्हणतात. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसा चोराचा चोर होणार, हा त्यामागचा युक्तिवाद. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याला न्यायालयात आव्हान देता येत नसे. जमातीतल्या माणसांची नोंदवही, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास. आधी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये सगळ्या देशासाठी नव्यानं केला गेला, आणि त्यात बोटांचे ठसे घेण्याची सोयही आली. सोलापूरला काटेरी तारांच्या कुंपणात वसवलेली सेटलमेंट ही त्याचीच महाराष्ट्रातली खूण. ‘सेटलमेंट’ हा शब्द सोलापूरकरांच्या बोलण्यात वस्तीचं नाव म्हणून अजून टिकून आहे.

रायगडात या शिक्क्याची झळ पोचली ती कातकऱ्यांना. रोहा, पेण, सुधागड या तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याला कातकरी वाड्या आहेत. कोलाडच्या आसपासही आहेत. या समाजाचं नावच मुळी एका धंद्यावरून पडलं आहे. खैराच्या लाकडाचे तुकडे करायचे, ते पाण्यात उकळायचे, लालसर अर्क आटवून घट्ट करायचा आणि त्याच्या वड्या पाडायच्या. पानात पडतो तो कात हाच. इंग्रजी अमदानीत जंगलं राखीव झाली आणि खैरावर हात टाकणं हाच गुन्हा ठरला. धंदा गेला, त्यापाठोपाठ कोळसा भट्ट्या आणि मग वीटभट्ट्यांवरची हंगामी मजुरी आली. एका बाजूला जंगल बंद आणि दुसऱ्या बाजूला ‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का, अशा कात्रीत हा समाज सापडला. आज केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून आहेत, त्यांत माडिया गोंड आणि कोलाम यांच्याबरोबर कातकरी आहेत.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला. म्हणून महाराष्ट्रात ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळतात. राज्याच्या यादीत विमुक्त जाती म्हणून ज्या चौदा जमाती आहेत त्यांत बेरड, रामोशी, कैकाडी, कंजारभाट, वडार आहेत, आणि भामटाही आहेत. इथं मराठी बोलणाऱ्यानं जरा थांबावं. फसवणाऱ्याला आपण सहज ‘भामटा’ म्हणतो. ‘भामट्यानं वृद्धेचे दागिने लांबवले’ असं वर्तमानपत्रंही छापतात. ज्या समाजाचं हे नाव आहे त्या समाजातली मुलं शाळेत तेच वर्तमानपत्र वाचत असतात. लक्ष्मण गायकवाड यांनी आत्मकथनाला ‘उचल्या’ हे नाव दिलं, भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’ हे दिलं. जो शब्द शिवी म्हणून अंगावर फेकला गेला तोच त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घेतला. ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

जुना कायदा गेला तरी त्याची सावली रेंगाळली. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी कायदा झाला. कागदावर तो जमातीऐवजी व्यक्तीला लागू होता, म्हणजे ज्याला ठरावीक वेळा शिक्षा झाली आहे अशा माणसाला. पण अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींची गणना सवयीचे गुन्हेगार म्हणूनच होत राहिली. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हा विषय धसास लावला आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतली जातीवर आधारलेली वागणूक घटनाबाह्य ठरवली. नियमावल्यांतले विमुक्त जमातींचे तसे उल्लेखही त्याच निकालानं बाद झाले. कायदा रद्द होऊन तोवर बहात्तर वर्षं उलटली होती.

राज्यकर्त्याचा शब्द

ज्याच्या हातात दफ्तर, त्याच्या हातात नाव ठेवण्याचा अधिकार. याचा पहिला अनुभव आजच्या रायगड जिल्ह्याला डकॉइट शब्दाच्याही आधी आला होता. कुलाब्याचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचं आरमार कोकण किनाऱ्यावर फिरत होतं. त्यांचा दस्तक घेतल्याशिवाय व्यापारी जहाज पुढे जाऊ नये असा त्यांचा नियम. आपल्या समुद्रात आपली जकात, एवढा साधा हिशेब. मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना ‘पायरेट’, म्हणजे समुद्री चाचा, ठरवलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. कागदपत्रांत मात्र पायरेट हा शब्द तसाच राहिला. आज मुंबईतल्या भारतीय नौदलाच्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे आहे.

डोंगरातल्या माणसांचंही तेच झालं. पुरंदरच्या उमाजी नाईकांनी कंपनी सरकारला वर्षानुवर्षं सळो की पळो केलं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. त्यांचा पाठलाग केलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनंच पुढच्या वर्षी रामोशांवर पुस्तक छापलं आणि त्यात उमाजींची हकिगत लिहिली. पकडणारा आणि चरित्र लिहिणारा एकच, त्यामुळे शब्द कुणाचे असणार हे सांगायला नको.

फडक्यांच्या बाबतीत मात्र सरकारची अडचण झाली. १८७६-७७ च्या दुष्काळानं पेटलेला हा कारकून २३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर चालून गेला, तेव्हा हाती लागले जेमतेम चारशे रुपये. त्या चारशे रुपयांनी त्याला डकॉइट केलं. पण सरकारनं त्याच्यावर इनाम लावल्यावर ज्यानं उलट मुंबईचा गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल याच्याच डोक्यावर इनाम जाहीर केलं, त्याला नुसता दरोडेखोर म्हणून कसं चालेल? जुलै १८७९ मध्ये देवर नावदगी इथं फडके पकडले गेले. पुण्यात खटला उभा राहिला, बचावाला सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी उभे राहिले. आरोपांत दरोड्याची बाब होती आणि राणीच्या सरकारविरुद्ध युद्धाची तयारी हीसुद्धा होती. फडक्यांनी स्वतः लिहिलेलं आत्मवृत्त आणि रोजनिशी सरकारनं त्यांच्याचविरुद्ध पुरावा म्हणून वापरली. दरोडेखोर आणि राजाविरुद्ध युद्ध करणारा, हे दोन्ही शब्द एकाच माणसावर एकाच निकालपत्रात आले. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची, आणि रवानगी एडनला. ऑक्टोबर १८८० मध्ये कोठडीचं दार बिजागरीतून उखडून ते पळाले, लगेच पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला. १९८४ मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्यांच्या नावे तिकीट काढलं.

इंग्रजांनी हा शब्द पुढे समुद्रापलीकडेही नेला. १८८५ मध्ये ब्रह्मदेशच्या राजाला पदच्युत केल्यावर तिथल्या गावोगावी लोकांनी लढा दिला. त्या लढणाऱ्यांना साहेबानं जे नाव दिलं ते होतं डकॉइट. शब्द हिंदुस्थानी, वापरणारा इंग्रज आणि तो ज्याच्यावर लादला तो ब्रह्मी माणूस.

अर्थात प्रत्येक दरोडेखोर हा बंडखोर होता असं मानणं ही दुसऱ्या टोकाची चूक. धामारी आणि पळस्प्याच्या ज्या घरांवर हल्ला झाला त्या घरांतल्या बायका-पोरांच्या लेखी ती रात्र भयाचीच होती. उलट दिशेनंही शब्द फसवतो, आणि ते दिसलं चंबळच्या खोऱ्यात.

गागोद्याचे विनोबा आणि चंबळचे बागी

पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबा भावे यांचं जन्मगाव. शिरढोणला डाकू ठरवला गेलेला माणूस जन्मला, आणि त्याच मुलखात पन्नास वर्षांनी जन्मलेल्या माणसासमोर डाकूंनी बंदुका खाली ठेवल्या. मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैना भागात पदयात्रा करत होते. फाशीची शिक्षा झालेला तहसीलदारसिंह, प्रसिद्ध डाकू मानसिंहचा मुलगा, यानं नैनी तुरुंगातून त्यांना तिकडे येण्याची विनंती केली होती. विनोबांनी कुणाला माफीचं वचन दिलं नाही. तरीही वीस जण पुढे आले.

त्या मुलखात या लोकांना डाकू म्हणत नसत. शब्द होता ‘बागी’. अन्यायाविरुद्ध उठलेला तो बागी आणि नुसता लुटणारा तो डाकू, असा फरक तिथला माणूस करत असे, आणि स्वतःला डाकू म्हणवून घेणारा तर कुणीच नव्हता. या सन्माननीय शब्दाला मध्य प्रदेशचे तेव्हाचे पोलीस महानिरीक्षक के. एफ. रुस्तमजी यांचा सक्त विरोध होता. रुस्तमजी मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे. पुढे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले. ज्यांच्या हातून पोलीस आणि गावकरी मारले गेले त्यांना साधूसमोर हार घालून उभं केलं तर जीव धोक्यात घालणाऱ्या शिपायानं काय समजायचं, असा त्यांचा रोकडा सवाल होता. शरण आलेल्यांवर पुढे खटले चालले. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमोर चंबळात याहून कितीतरी मोठी शरणागती झाली. रुस्तमजींच्या प्रश्नाला मात्र विनोबांच्या आणि जयप्रकाशांच्या अनुयायांकडेही सोपं उत्तर नव्हतं.

आजची बातमी कशी वाचावी

आज डकॉइट हा शब्द भारताबाहेरच्या इंग्रजीत क्वचितच दिसतो. लंडनच्या वर्तमानपत्राला सशस्त्र लूट म्हणजे ‘आर्म्ड रॉबरी’. पण आपल्याकडच्या इंग्रजी दैनिकांत आणि पोलिसांच्या आकडेवारीत तो ठणठणीत आहे, कारण कायद्यानं त्याला स्वतंत्र खातं दिलं आहे. खून, दरोडा, जबरी चोरी, घरफोडी, चोरी हे रकाने गुन्ह्यांच्या वार्षिक तक्त्यात वेगवेगळे असतात. म्हणूनच तक्रार लिहून घेताना ‘आरोपी चार की पाच’ हा प्रश्न ठाणे अंमलदाराला महत्त्वाचा वाटतो.

मराठी बातमीदारी मात्र या बाबतीत सैल आहे. दोघांनी मोटारसायकलवरून येऊन सराफाला लुटलं तरी मथळा ‘सराफी पेढीवर दरोडा’. हिशेबात अफरातफर झाली तरी ‘ठेवीदारांच्या पैशांवर दरोडा’. यातला दुसरा वापर अलंकारिक म्हणून सोडून देता येईल. पहिल्यात मात्र जन्मठेपेपर्यंत जाणारा गुन्हा नसलेल्या जागी छापला जातो. त्याहून मोठी गफलत पुढच्या ओळीत असते. काल पकडलेल्या माणसाला आज ‘दरोडेखोर’, ‘सराईत’, ‘नराधम’ म्हटलं जातं. ‘संशयित आरोपी’ हा जोडशब्द सावधपणासाठी आला खरा, पण त्यात काही अर्थ उरत नाही. जोवर संशय आहे तोवर माणूस संशयित, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला की आरोपी, आणि न्यायालयानं शिक्षा सुनावली की गुन्हेगार. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी तर कायद्यानं ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा लांबलचक शब्द मुद्दाम घडवला आहे. तो जिभेला जड आहे हे खरं, पण त्या मुलावर आयुष्यभराचा शिक्का बसू नये म्हणूनच तो घडवला गेला.

म्हणून कोलाड, नागोठणे किंवा पेण पोलीस ठाण्याच्या हद्दीतली दरोड्याची बातमी हाती आली की वाचकानं तीन गोष्टी बघाव्यात. किती जण होते? दरोडा पडला होता, प्रयत्न झाला होता की नुसती तयारी होती? आणि खटला कुठपर्यंत आला आहे? बातमीत पकडलेल्याचं नाव देताना त्याची जात किंवा वाडी दिली असेल, तर त्या तपशिलाचा गुन्ह्याशी काय संबंध, हे संपादकाला पत्र लिहून जरूर विचारावं. अटक झालेल्याला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. निकालाला मात्र कित्येकदा वर्षं लागतात. तेवढ्या काळात त्याच्यासाठी कायद्यानं मान्य केलेला शब्द एकच आहे, आणि तो आरोपी.